जुनी पिकअप गाडी विकण्यापूर्वी काय दुरुस्त करावे व काय करू नये

सन २००५ मध्ये टाटा कंपनीची ‘एस’ ही लहान मालगाडी बाजारात आली व आमच्या खेड्यांनी तिला ‘छोटा हत्ती’ असे नाव दिले. महिंद्र कंपनीच्या बोलेरो पिकअप गाड्याही वस्तीवस्तीवर दिसू लागल्या. कांदा लासलगावास न्यावयाचा असो, टोमॅटो नारायणगावास न्यावयाचे असोत, किंवा खताची पोती तालुक्याहून आणावयाची असोत, बागाईतदार शेतकऱ्याचे काम आता बैलगाडीवाचून चालेल, पण पिकअपवाचून चालावयाचे नाही, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी झाली आहे. अर्थात् जी वस्तू घरात आली ती एके दिवशी घराबाहेरही जावयाची. सात-आठ वर्षे राबलेली गाडी विकून नवी घेण्याचा प्रसंग आता पुष्कळांवर येऊ लागला आहे, आणि त्या वेळी जो पहिला प्रश्न उभा राहतो त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे.

तो प्रश्न असा : गाडीत जे दोष आहेत ते सर्व दुरुस्त करून ती विकावी, की आहे तशीच विकावी? याबाबत दोन टोकांची वागणूक आढळते. कित्येक जण मुलीच्या लग्नास घर रंगवावे तशी गाडी रंगवून, नवे टायर घालून, इंजिन उतरवून घेऊन मग बाजारात नेतात, आणि घातलेला पैसा किमतीत परत आला नाही म्हणून हळहळतात. दुसरे कित्येक जण एक रुपयाही खर्च न करिता गाडी तशीच उभी करितात, आणि दोन हजारांच्या दोषापायी गिऱ्हाईकाने दहा हजार कापून घेतले म्हणून कुरकुरतात. दोघांच्याही हानीचे मूळ एकच आहे. दोघांनीही हिशेब केलेला नसतो.

दोषाची किंमत दोन प्रकारची असते

प्रत्येक दोषास दोन किमती असतात. एक, तो दुरुस्त करावयास मिस्त्री जी मजुरी व सामान यांची रक्कम घेईल ती. दुसरी, त्या दोषाकडे पाहून गिऱ्हाईक किमतीत जी कपात करील ती. या दोन रकमा सहसा सारख्या नसतात. शेतकऱ्याने ध्यानात ठेवावयाचा नियम इतकाच की, कपात खर्चाहून पुष्कळ मोठी असेल तर दुरुस्ती करावी. खर्च कपातीहून मोठा असेल तर करू नये. आणि दोन्ही जवळजवळ सारख्या असतील तर गाडी आहे तशी ठेवून दोष उघडपणे सांगावा.

आता कपात खर्चाहून मोठी का होते ते पाहू. गिऱ्हाईक गाडीचा परका असतो. इंजिनाखाली जमिनीवर ऑइलचे थेंब दिसले तर आपणांस ठाऊक असते की ते एका सीलामधून गळते. परंतु त्यास ते ठाऊक नसते. तो मनात सर्वांत वाईट कल्पना करितो आणि त्या कल्पनेची किंमत कापतो. म्हणून जे दोष दिसावयास भयंकर व दुरुस्तीस स्वल्प असतात, ते दुरुस्त करण्यात सर्वांत अधिक लाभ असतो. उलटपक्षी, रंग उडणे, हौद्याला पोचे पडणे हे दोष सर्वांस समजतात. त्यांत भयाचा अंश नसतो. मालगाडीचा हौदा चेपलेला असावयाचाच असे गिऱ्हाईक धरूनच चालतो. तेथे घातलेला पैसा सहसा परत येत नाही.

या हिशेबास एकच अपवाद आहे, आणि तो आम्ही सर्वांच्या आधी सांगू इच्छितो. ज्या दोषाने चालविणाराचा, गाडीत बसणाराचा किंवा रस्त्यावरील वाटसराचा जीव धोक्यात येतो, तेथे खर्च-कपातीचा प्रश्न काढू नये. ब्रेक, स्टिअरिंग, तार दिसू लागलेला टायर, पुढचे दिवे व मागचे लाल दिवे ही त्यांत येतात. हे दोष नाहीसे करूनच गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी. त्यांचा खर्च झेपत नसेल तर ती मालवाहू दुसऱ्या गाडीवर घालून न्यावयाची, रस्त्याने चालवावयाची नाही, असे ठरवूनच सौदा करावा. घाटात ब्रेक न लागल्याने जे कुटुंब उघड्यावर येईल ते बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या शेतकऱ्याचे असेल.

आधी गाडीची परीक्षा करावी

बैल विकावयास नेणारा शेतकरी त्याचे दात, खूर, खांदा आधी आपण पाहतो. गिऱ्हाईक काय पाहील हे त्यास पक्के ठाऊक असते. गाडीचेही तसेच करावे. परीक्षा सकाळी, इंजिन रात्रभर थंड राहिले असता करावी. कारण तापलेले इंजिन पुष्कळ दोष लपविते, व शहाणा गिऱ्हाईक थंड इंजिनच चालू करावयास सांगतो.

(१) धूर. चालू करताना क्षणभर पांढुरका धूर निघून नाहीसा झाला तर चिंता नाही. तो सतत राहिला व रेडिएटरमधील पाणीही कमी होत गेले, तर पाणी इंजिनाच्या आत जात असल्याचा संशय घ्यावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खात आहे. काळा धूर म्हणजे डिझेल अधिक व हवा कमी. याचे कारण पुष्कळ वेळा धुळीने भरलेला हवेचा फिल्टर एवढेच असते, आणि तो बदलणे हे अल्प खर्चाचे काम आहे.

(२) इंजिनाचा दम. इंजिन चालू असता ऑइल भरण्याचे झाकण सावधपणे उघडावे. किंचित वाफ येणे स्वाभाविक आहे. परंतु धूर जोराने भकाभका बाहेर येऊ लागला तर पिस्टन व रिंगा झिजल्या असे समजावे. झाकणाच्या आतील बाजूस दह्यासारखा पांढरट थर सतत आढळल्यास ऑइलमध्ये पाणी मिसळत आहे की काय हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे.

(३) क्लच. सपाट मोकळ्या जागी, पुढे-मागे कोणी उभे नसता, हातब्रेक घट्ट ओढून गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घालावी व क्लच हळूहळू सोडावा. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडते. इंजिन तसेच फिरत राहिले तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच करावी. वारंवार केल्याने चांगला क्लचही जळतो.

(४) ब्रेक. पायटा दाबून धरला असता तो हळूहळू खाली जात राहिला तर ब्रेकचे तेल कोठे तरी गळते आहे किंवा मुख्य सिलिंडर खराब झाला आहे. मोकळ्या रस्त्यावर मंद वेगाने ब्रेक लावला असता गाडी एका बाजूस ओढली गेली तर एका चाकाचे काम बरोबर होत नाही.

(५) टायर. टायरच्या खाचांत ठराविक अंतरावर उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटर उंचीचे असतात. टायरची झीज या उंचवट्यांपर्यंत आली म्हणजे त्याचे आयुष्य संपले. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते : ३५२१ याचा अर्थ सन २०२१ च्या ३५ व्या आठवड्यात तो तयार झाला. गिऱ्हाईक ही खूण वाचतो, आपणही वाचावी.

(६) बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट व इंजिन चालू असता सुमारे १४ व्होल्ट दाब असावा. चालू असताही दाब वाढत नसेल तर दोष बॅटरीचा नसून ती भरणाऱ्या आल्टरनेटरचा असण्याचा संभव असतो. असे असता नवी बॅटरी घालणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरण्यासारखे होय.

(७) सांगाडा व पाटे. हौद्याखाली शिरून लांब तुळया, विशेषतः पाट्यांच्या कड्या जेथे बसविल्या आहेत ती जागा, बॅटरीच्या उजेडात पाहावी. खताची पोती व शेणखत वाहणाऱ्या गाडीस येथे गंज लवकर धरतो. वरवरचा गंज निराळा. हातोडीने हलके ठोकताच पापुद्रे पडू लागले किंवा तुळईस चीर दिसली तर प्रकरण गंभीर आहे.

या परीक्षेत आढळलेले दोष एका कागदावर लिहावे. त्यानंतर एका विश्वासू मिस्त्रीकडून प्रत्येक दोषाचा निरनिराळा खर्च लिहून घ्यावा, आणि दोन-तीन गिऱ्हाइकांस वा दलालांस गाडी आहे तशी दाखवून, ‘अमुक दोष नसता तर काय द्याल?’ असे प्रत्येकास वेगवेगळे विचारावे. दलाल जे आकडे सांगेल ते त्याच्या हिताचे असतात हे खरे. तथापि तिघांचे आकडे एकत्र ठेवले म्हणजे बाजाराचा सुमार कळतो.

हिशेबाचे एक उदाहरण

समजुतीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे घालावे. अशी कल्पना करा की आठ वर्षांची एक पिकअप आहे. ती सर्वस्वी निर्दोष असती तर तिला ४,२०,००० रुपये आले असते; आहे तशी ३,४२,००० रुपयांस मागितली जाते. म्हणजे सर्व दोषांपायी एकंदर कपात ७८,००० रुपये. तिची वाटणी अशी :

ब्रेकचे लायनर व गळका सिलिंडर : खर्च ६,५००, कपात १५,०००.
ऑइलची गळती, ऑइल व फिल्टर बदल : खर्च ५,५००, कपात १२,०००.
दिवे, हॉर्न, वायपर : खर्च २,०००, कपात ६,०००.
क्लच : खर्च ११,०००, कपात १५,०००.
बॅटरी : खर्च ५,५००, कपात ६,०००.
दोन टायर : खर्च ११,०००, कपात ९,०००.
रंग व पोचे काढणे : खर्च ३५,०००, कपात १५,०००.

सर्व दुरुस्त्या केल्या तर खर्च ७६,५०० व किमतीत वाढ ७८,०००; म्हणजे दहा-पंधरा दिवस गॅरेजात खेपा घालून मिळकत केवळ १,५०० रुपये. पहिल्या तीनच बाबी केल्या तर खर्च १४,००० व वाढ ३३,०००. मिळकत १९,००० रुपये. साडेपाचपट खर्च करून जेथे दीड हजार सुटतात, तेथे अल्प खर्चात एकोणीस हजार सुटतात.

परंतु आमचे मते एवढ्यावर थांबू नये. खर्च हा निश्चित असतो, तो आज खिशातून जातो. वाढ ही आशा असते, ती उद्या गिऱ्हाईकाच्या तोंडून यावयाची. म्हणून दलालांनी सांगितलेल्या वाढीचा दोनतृतीयांश भागच हिशेबात धरावा. तसे धरले असता पहिल्या तीन बाबींची वाढ २२,००० होते व १४,००० खर्च वजा जाता ८,००० रुपये तरी हाती राहतात. क्लचची वाढ १०,००० होते, खर्च ११,०००. अर्थात् ती दुरुस्ती लाभाची राहत नाही. सर्वच दुरुस्त्या केल्या तर वाढ ५२,००० व खर्च ७६,५००. म्हणजे २४,५०० रुपयांची खोट. आशा थोडी खोटी ठरताच कोणता खर्च टिकतो व कोणता बुडतो हे यावरून ध्यानात येईल.

मधल्या बाबींचा निर्णय

क्लच, बॅटरी, टायर व पाटे या बाबी केवळ आकड्यांनी सुटत नाहीत. येथे एकच कसोटी लावावी : या दोषामुळे गिऱ्हाईकास गाडी चालवून पाहता येत नाही असे होते काय? क्लच इतका घसरतो की चढावर इंजिन नुसते ओरडते व गाडी पुढे सरत नाही, तर चालवून पाहणारा गिऱ्हाईक तेथेच उतरून जाईल. अशा वेळी क्लच बदलावा. तो केवळ भरल्या गाडीत किंचित घसरत असेल तर मिस्त्रीचा लेखी अंदाज दाखवून तेवढी रक्कम कमी घ्यावी. बॅटरीचेही तसेच. सकाळी ढकलून चालू करावी लागणारी गाडी कोणी घेत नाही. पण जुनी असून पहिल्या झटक्यात चालू करणारी बॅटरी बदलण्याचे कारण नाही. टायर उंचवट्यांपर्यंत झिजले असतील वा तार दिसत असेल तर बदलावे. अर्धे आयुष्य राहिले असेल तर तसेच ठेवावे. पाट्यांतील एखादे पान तुटले असेल तर तेवढेच बदलून घ्यावे; सर्व पाटे नवे घालण्याची गरज नसते.

जे करू नये

संपूर्ण इंजिन उतरवून बांधणे, गिअरबॉक्स खोलणे, सर्व गाडीस नवा रंग देणे, नवे सीट-कव्हर व टेप बसविणे ही कामे विक्रीसाठी म्हणून करू नयेत. इंजिन नुकतेच बांधले आहे असे ऐकताच गिऱ्हाईकाच्या मनात आनंदापेक्षा शंका अधिक येते. काम कसे झाले हे त्यास दिसत नाही, व ते का करावे लागले असा प्रश्न तो विचारतो. नव्या रंगाचे तर बोलावयासच नको. रंगाखाली काय झाकले आहे, गाडी पलटी झाली होती काय, असा तर्क लगेच निघतो. त्यापेक्षा गाडी स्वच्छ धुवावी, हौदा झाडून पुसून घ्यावा, खताचा वास घालवावा, केबिनमधील पोतेरी व दोऱ्या काढाव्या. या कामास एक दिवस लागतो व खर्च जवळजवळ काहीच नाही.

इंजिनाचा पिवळा इशारा-दिवा लागत असेल तर त्याबाबत सावध राहावे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांस बीएस-६ हे मान लागू झाले आहे. या डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करण्याची नाजूक योजना असते. संगणक जोडून दिव्यामागचा सांकेतिक क्रमांक वाचून घ्यावा व कारण दूर करावे. दिवा तेवढा पुसून टाकणे हा उपाय नव्हे. थोड्याच मैलांत तो पुन्हा पेटतो आणि मग गिऱ्हाईक आपल्या प्रत्येक शब्दावर अविश्वास धरितो.

सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक वाचता येत नसेल तर त्यावरील चिखल व ग्रीस रॉकेलच्या फडक्याने व मऊ ब्रशाने काढावे. तेथे ग्राइंडर लावू नये व रंगही देऊ नये. क्रमांकात फेरफार केल्याचा संशय आला म्हणजे चांगल्या गाडीचेही हस्तांतर अडते.

दोष सांगावा की झाकावा?

झाकली मूठ सव्वा लाखाची अशी आपल्याकडे म्हण आहे. गाडीच्या सौद्यास ती लागू नाही. येथे झाकलेली मूठ गिऱ्हाईक रिकामीच समजतो. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या १७ व्या कलमाप्रमाणे ज्ञात असलेली गोष्ट बुद्ध्या झाकून ठेवणे ही फसवणूक ठरते, आणि १९ व्या कलमाप्रमाणे असा करार फसलेल्या पक्षास रद्द करविता येतो. नुसते मौन प्रत्येक वेळी फसवणूक होत नाही हे खरे. परंतु गळतीवर लांबी भरणे, जाड ऑइल घालून धूर दाबणे, किलोमीटरचे आकडे मागे फिरविणे ही मौनाची कामे नव्हेत, कृतीची आहेत.

कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली तरी व्यवहार असा आहे : शेतकऱ्याची गाडी बहुधा पंचक्रोशीतच विकली जाते. घेणारा हा सोयऱ्याचा सोयरा वा बाजारातील ओळखीचा निघतो. दहा हजारांसाठी झाकलेला दोष पुढील वीस वर्षे बाजारात आपल्या नावापुढे उभा राहतो. दोषांचा कागद व मिस्त्रीचा अंदाज गिऱ्हाईकापुढे आपणच ठेवला, तर त्याचे भय मावळते आणि कपात त्या अंदाजाच्या आसपास राहते. सौदा ठरल्यावर ‘पुढील दोष सांगितले व पाहिले’ असे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्या, म्हणजे मागून तक्रारीस जागा राहत नाही.

कागदांची दुरुस्ती

गाडीची दुरुस्ती करून कागद नादुरुस्त ठेवणे हा सर्वांत महाग दोष होय. प्रथम फिटनेस, ज्यास लोक पासिंग म्हणतात, ते पाहावे. मालवाहू गाडीस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी ते करावे लागते. मुदत दोन-तीन महिन्यांवर आली असेल तर ब्रेक व दिव्यांची दुरुस्ती होताच पासिंग करून घ्यावे. आपण सांगितलेल्या शंभर गोष्टींपेक्षा ते एक प्रमाणपत्र गिऱ्हाईकास अधिक पटते. गाडी १५ वर्षांवरील असेल तर १ एप्रिल २०२२ पासून हे शुल्क पुष्कळ वाढले असल्याने आधी हिशेब पाहावा. तेव्हा गाडी नोंदणीकृत मोडतोड केंद्रात देऊन जमा-प्रमाणपत्र घेणे व त्यावर नव्या गाडीच्या करात मिळणारी सूट घेणे हाही मार्ग विचारात घेण्यासारखा आहे.

दुसरे, बँकेचा वा पतसंस्थेचा बोजा. कर्ज फिटले तरी नोंदणी पुस्तकावरील बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी कर्ज देणाराचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ सादर करावा लागतो. तिसरे, थकलेला कर व दंडाची चलने. चौथे, विमा व धुराचे प्रमाणपत्र. पाचवे, १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीस उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसविली आहे की नाही. यांपैकी एकही बाब अपुरी असली तर नाव बदलण्याचे काम थांबते, आणि थांबलेल्या कामाची किंमत गिऱ्हाईक आपल्याकडूनच वसूल करितो.

नाव बदलेपर्यंत गाडी आपलीच

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पैसे मोजून घेतले, किल्ली दिली, म्हणजे गाडीशी आपला संबंध सुटला, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या एका निकालात, गाडी एकामागून एक कित्येक हातांत गेली असूनही, नोंदणीत ज्याचे नाव होते त्यासच मालक धरून अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी त्याजवर ठेविली. गाडीचा विमा नसेल तर ती भरपाई जमिनीच्या उत्पन्नातून वर्षानुवर्षे फेडावी लागेल. ब्रेक दुरुस्त न करिता व नाव न बदलता गाडी देणारा शेतकरी दोन्ही बाजूंनी आपली मान अडकवून घेतो, हे यावरून उघड होईल.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५० व्या कलमाप्रमाणे त्याच राज्यात गाडी विकली असता विकणाराने १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. घेणारास ३० दिवसांची मुदत आहे. नमुना २९ व ३० यांवर सह्या करून ते एजंटाच्या हाती सोपवून स्वस्थ बसू नये. अर्ज दाखल झाल्याची पावती पाहावी, व नोंदणीत नवे नाव चढल्याचा उतारा हाती येईपर्यंत किमतीतील काही रक्कम वा नोंदणी पुस्तक कोणाकडे राहावे याचा लेखी करार ठेवावा. गाडी परजिल्ह्यात वा परराज्यात जावयाची असेल तर नमुना २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्राचीही चौकशी आधी करावी. दलालास गाडी द्यावयाची झाल्यास, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तो अधिकृत विक्रेता आहे काय हे विचारावे, आणि त्यास गाडी सोपविल्याची सूचना नमुना २९ ग याप्रमाणे कार्यालयास गेली आहे याची खात्री करावी. कोऱ्या कागदांवर सह्या देणे कटाक्षाने टाळावे.

किमतीबाबत आणखी एक सूचना. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये वा अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. रक्कम बँकेतूनच घ्यावी. तोच सौद्याचा उत्तम पुरावा होय.

सारांश

येणेप्रमाणे विचार केला असता क्रम असा ठरतो. आधी परीक्षा व दोषांचा कागद. मग मिस्त्रीचा खर्च व गिऱ्हाइकांची कपात यांची तुलना. जीवास धोका असणारे दोष हिशेब न पाहता दुरुस्त. गळती, दिवे, फिल्टर अशा दिसावयास मोठ्या व खर्चास लहान बाबी दुरुस्त. क्लच, बॅटरी, टायर चालवून पाहण्याच्या कसोटीवर. इंजिन व रंग यांस हात लावू नये. कागद पुरे करावे. आणि नवे नाव चढेपर्यंत गाडी आपलीच आहे असे समजून वागावे. आपल्या भागातील मुख्य पिकाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी महिनाभर हे काम हाती घेतले, तर ज्यांस माल वाहावयाचा आहे असे गिऱ्हाईक शोधीत येते व घाईने सौदा करण्याची वेळ आपणांवर येत नाही.

शेतकऱ्यास पेरणीचा हिशेब नवा नाही. कोणत्या वावरात किती खत घातले म्हणजे किती पीक येईल, व कोठे खत घालूनही खडक खडकच राहील, हे तो पिढ्यान् पिढ्या जाणतो. जुन्या गाडीवरील खर्च हेही एक प्रकारचे खतच आहे. ते कोणत्या जागी उगवते हे पाहूनच आमच्या शेतकरी बंधूंनी हात सैल सोडावा, एवढीच सूचना करून हा लेख पुरा करितो.